सनदेतली अट

देवदासी हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सौंदत्तीचा डोंगर येतो. डोक्यावर यल्लम्माचा जग घेतलेली जोगतीण, कपाळभर भंडारा, पुढे केलेली परडी. नाही तर जेजुरीची मुरळी. दारिद्र्य हे त्या चित्राचे पहिले लक्षण. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोठ्या देवळांमधली देवदासी मात्र काहीशी वेगळी होती. तिला लिहितावाचता येई, गाता-नाचता येई आणि तिच्यासारख्या कित्येकींच्या घराला जमीन असे. ही जमीन देवळाच्या इनामातून आलेली असे.

या जमिनीला एक अट चिकटलेली होती. घरातली एक तरी स्त्री देवाच्या सेवेत आहे तोवर जमीन घराची. सेवा खंडित झाली की इनामावरचा हक्क गेला. म्हणजे आई थकली की मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाचा पोट्टू, आपल्या भाषेत मंगळसूत्र, बांधणे भाग. मुलगी नसेल तर दत्तक घेणे भाग. श्रद्धा, परंपरा, कला हे सारे होतेच. पण घराची चूल या अटीवर पेटत होती. माझी नोकरीची वर्षे बँकेत कर्जाचे कागद वाचण्यात गेली. त्यामुळे असेल, या प्रथेविषयी वाचताना माझी नजर देवळाच्या शिखराआधी सनदेतल्या त्या अटीवर जाते.

ती अट कायद्याने पुसून टाकणारी बाई स्वतः एका देवदासी घराण्यातल्या आईची मुलगी होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी हे त्यांचे नाव. तमिळनाडूत त्यांना ओळखत नाही असा माणूस विरळा. आपल्याकडे फार तर हिंदी सिनेमाच्या चाहत्यांना सांगता येईल की अभिनेत्री रेखा यांचे वडील जेमिनी गणेशन यांच्या त्या नात्याने आत्या.

मुथुलक्ष्मींचा जन्म ३० जुलै १८८६ चा, पुदुकोट्टई संस्थानातला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. वडील नारायणस्वामी अय्यर हे पुदुकोट्टईच्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य, कर्मठ समाजातले ब्राह्मण. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातली. हे लग्न अय्यरांच्या भाऊबंदांना मानवणारे नव्हते आणि त्यांनी प्राचार्यांशी संबंध तोडले. घरात विद्या भरपूर, गोतावळा मात्र आईकडचाच. मुलीने या घरात दोन्ही जगे पाहिली. एकीकडे पुस्तके आणि परीक्षा, दुसरीकडे आजोळच्या बायका, ज्यांच्यापैकी कोणाचे लग्न झाले नव्हते आणि होणारही नव्हते.

मुलगी वयात आल्यावर शाळा सुटली. पण वडिलांनी घरी शिकवले आणि तिने बाहेरून मॅट्रिक केले. मग प्रश्न आला कॉलेजचा. पुदुकोट्टईत कॉलेज एकच, तेही मुलांचे. मुलगी वर्गात बसणार म्हटल्यावर पालकांनी आरडाओरड केली. त्यात तिच्या आईच्या कुळाचा उल्लेखही आलाच. शेवटी राजेसाहेबांनी, मार्तंड भैरव तोंडैमान यांनी, प्रवेश द्यायला लावला. १९०७ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये पदके मिळवून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

लग्नाला त्या सहजी तयार नव्हत्या. आईच्या घरातल्या बायकांकडे पाहून लग्न ही सुरक्षितता वाटावी, तर डॉक्टर म्हणून पाहिलेल्या बाळंतिणींकडे बघून धास्ती वाटावी, अशी त्यांची अवस्था असणार. १९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांनी लग्न केले ते बरोबरीचा मान आणि कामाची मोकळीक या अटी आधी कबूल करून घेऊन. रेड्डींनी त्या पाळल्या. पुढे बायको जाहीर सभांतून शिव्याशाप झेलत असताना घर आणि दवाखाना सांभाळणारा हा नवरा इतिहासात फारसा दिसत नाही, म्हणून इथे त्याची नोंद.

१९२५ मध्ये त्या पुढच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेल्या. परतल्या तोवर मद्रासच्या विमेन्स इंडियन असोसिएशनने कायदेमंडळासाठी त्यांचे नाव पुढे केले होते. दवाखाना सोडून राजकारणात पडायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. तरी १९२७ मध्ये त्या मद्रास कायदेमंडळाच्या नियुक्त सदस्य झाल्या, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला आमदार, आणि सभागृहाने एकमताने त्यांना उपाध्यक्षही केले. सभागृहात एकटी बाई. अशी बाई सहसा शोभेपुरती असते. त्याच वर्षी त्यांनी मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद करावी असा ठराव आणला.

ठराव संमत झाला. ठरावाने कोणाचे पोट भरत नाही आणि कोणाची अटही सुटत नाही, हे मुथुलक्ष्मींना कळत होते. नुसती बंदी घातली असती तर काय झाले असते ते पाहा. मुलीला देवाला वाहिले तर तुरुंग आणि न वाहिले तर जमीन गेली. घराने कोणता रस्ता धरावा? म्हणून त्यांनी बंदीच्या आधी जमिनीला हात घातला. देवळांच्या व्यवस्थेसाठी १९२६ चा हिंदू धर्मादाय संस्थांचा कायदा होता. त्यातच त्यांनी दुरुस्ती सुचवली आणि १९२९ मध्ये ती मंजूर करून घेतली. इनाम जमिनीवरची सेवेची अट काढून ती जमीन देवदासीकडेच राहील आणि तिला कोणी देवळाच्या सेवेची सक्ती करू शकणार नाही, असा त्याचा अर्थ.

कायद्याच्या पुस्तकात ही एका कलमाची भर आहे. पण ती वाचून मला पोस्टिंगच्या गावांमधल्या कितीतरी बायका आठवल्या. कर्जाच्या अर्जावर बाईच्या नावापुढे मालमत्तेचा रकाना असतो आणि तो बहुतेक वेळा रिकामा असतो. ज्या मालमत्तेवर अटी आहेत ती तारणाला चालत नाही. सुधारकांना सहसा हा रकाना दिसत नाही. त्यांना पाप दिसते, पुण्य दिसते, फार तर करुणा दिसते. मुथुलक्ष्मींना तो रकाना दिसला याचे कारण त्यांच्या आजोळी शोधावे लागेल असे मला वाटते.

याच संदर्भात मुंबई आणि मद्रासच्या न्यायालयांतला एक जुना फरक सांगण्याजोगा आहे. आपल्या मुंबई हायकोर्टापुढे १८८० मध्ये मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण हा दावा आला होता. नायकिणीने घेतलेली दत्तक मुलगी कायद्याने वारस ठरते का, हा प्रश्न. कोर्टाने अशा दत्तकाला मान्यता नाकारली. जी प्रथा अनीतीवर उभी आहे तिला कायद्याचा आधार मिळणार नाही, असा न्याय. आठ वर्षांनी मद्रास हायकोर्टाने उलट भूमिका घेतली आणि नर्तकीच्या दत्तक मुलीचा हक्क मानला. वरवर पाहता मुंबईचा निर्णय पुढारलेला वाटतो. पण त्या निकालाने नायकिणींचा धंदा थांबला नाही. एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे मालमत्ता जाण्याची वाट तेवढी बंद झाली. अनीतीला शिक्षा द्यायची म्हटले की ती अनीतीच्या दुसऱ्या भागीदाराकडे, म्हणजे पैसे मोजणाऱ्या पुरुषाकडे, कधी जात नाही. तो दाव्यात पक्षकारच नसतो.

आता गोष्टीतला अवघड भाग. ज्यांच्यासाठी हे चालले होते त्या बायकांना काय वाटत होते?

मद्रासच्या देवदासी संघटित झाल्या आणि त्यांनी विरोध केला. त्यांच्यात दुरैकण्णू होत्या, बंगळुरू नागरत्नम्मा होत्या. नागरत्नम्मा ही काही साधी बाई नव्हे. तंजावरच्या आपल्या मराठी राजांपैकी प्रतापसिंहाच्या दरबारी मुद्दुपळनी नावाची गणिका-कवयित्री होऊन गेली. तिचे ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांनी १९१० मध्ये शुद्ध करून छापले. सरकारने ते अश्लील ठरवून जप्त केले. त्यागराजांची तिरुवैयारूची समाधी मोडकळीला आली होती. तिथे या बाईने स्वतःची कमाई घालून मंदिर उभारले. आज तिथे दरवर्षी जो मोठा त्यागराज उत्सव भरतो त्यात स्त्रियांना गायला मिळावे म्हणून भांडलीही हीच.

अशा बायकांनी सरकारच्या विधिमंत्र्यांना, सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना, अर्ज केला. त्याचा आशय असा की आमची गणना वेश्यांत करू नका. आम्ही शिकलेल्या आहोत, मालमत्ता बाळगतो, कर भरतो, कला जिवंत ठेवतो. आमच्यातल्या काहींचे वर्तन वाईट असेल, पण तसे कोणत्या समाजात नसते? आम्हाला बुडवण्यापेक्षा शिक्षण द्या. आणि कायदा करण्याआधी आम्हाला विचारा.

मुथुलक्ष्मींनी हे म्हणणे मानले नाही. या अर्जामागे धंद्यावर जगणारे लोक आहेत, त्याकडे लक्ष देऊ नये, असेच त्यांनी सरकारला सुचवले. त्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. देवळांचे उत्पन्न घटत चालले होते, जुने आश्रयदाते उरले नव्हते, आणि देवाच्या नावाने सोडलेल्या कोवळ्या मुली शहराच्या कुंटणखान्यात पोचत होत्या. डॉक्टर म्हणून गुप्तरोगांनी सडलेली शरीरे त्यांनी तपासली होती. नागरत्नम्मांसारखी एक, तर त्या मुली किती? त्यांच्या पाठीशी आवाजही होता. गांधीजींचा पाठिंबा होता, पेरियारांचा होता, आणि त्याच समाजात जन्मलेल्या मूवलूर राममिर्थम अम्माळ गावोगाव फिरून, विरोध सोसून प्रथेविरुद्ध बोलत होत्या. पुढे १९३६ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवांवर कादंबरीच लिहिली. समाजातले पुरुष, म्हणजे नागस्वरम वाजवणारे आणि नाच शिकवणारे नट्टुवनार, हेही बहुतेक बंदीच्या बाजूचे झाले. यात सुधारणेची ओढ होती तशी घराची सूत्रे बायकांच्या हातून आपल्या हाती येण्याची सोयही होती. इनामे मोकळी झाल्यावर त्यांत पुरुषांनी वाटा मिळवला, हे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले आहे.

तरीही माझ्या मते मुथुलक्ष्मी इथे कमी पडल्या. जमिनीचा कागद त्यांनी जितका बारकाईने वाचला तितका त्या बायकांचा अर्ज वाचला नाही. जिथून आपण सुटलो तिथे अजून असलेल्यांचे बोलणे ऐकणे सगळ्यात कठीण असते की काय कोण जाणे. आईच्या जातीला कोणी कलेचे आणि संस्कृतीचे नाव दिले की त्यांचा संताप उसळे. काँग्रेसचे वक्ते सत्यमूर्ती यांनी देवदासींच्या कलेची बाजू सभागृहात मांडली तेव्हा तो उसळला. त्या संतापामागे पुदुकोट्टईच्या वर्गातली मुलगी आहे.

प्रथाबंदीचे मुख्य विधेयक त्यांनी १९३० मध्ये मांडले. ते लोकमतासाठी फिरवले गेले. मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि निषेध म्हणून मुथुलक्ष्मींनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. विधेयक पोरके झाले. १९३७ ते १९३९ मध्ये मद्रासेत राजाजींचे काँग्रेस सरकार होते. त्यांनीही ते हाती घेतले नाही, याची खंत त्यांना राहिली.

त्याच १९३० सालची गोष्ट. देवदासी घरातल्या काही मुली घर सोडून मद्रासला त्यांच्या दारी आल्या. आम्हाला शिकायचे आहे, म्हणाल्या. मुथुलक्ष्मींनी मुलींच्या वसतिगृहांत चौकशी केली. ब्राह्मण मुलींचे वसतिगृह वेगळे, ब्राह्मणेतरांचे वेगळे. या मुलींना दोन्हीकडे नकार. प्रथा बंद करा असे शहरातली सुशिक्षित मंडळी सभेत टाळ्या वाजवून सांगत होती, पण बंद केलेल्या प्रथेतून बाहेर आलेली मुलगी आपल्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर कोणाला नको होती. मुथुलक्ष्मींनी त्यांना आपल्याच घरात ठेवून घेतले. अव्वै होम सुरू झाले ते असे. जुन्या तमिळ कवयित्री अव्वैयार यांचे नाव त्याला दिले. अव्वै म्हणजे वडीलधारी बाई, आजी.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८८९ मध्ये काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी बालिकाश्रम १८९६ मध्ये; तो आश्रम मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचा होता. अव्वै होममध्ये जात विचारायची नाही आणि आईचा व्यवसायही विचारायचा नाही, हा नियम. शिवण-टिपण शिकवून मुलींना मार्गी लावण्याचा प्रघात तेव्हा सगळीकडेच होता. इथे मात्र शाळा झाली, शिक्षिकांचे प्रशिक्षण झाले. मुली शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. पगार मिळवणारी मुलगी परत पाठवता येत नाही, हे डॉक्टरीणबाईंचे साधे गणित. अडयारची ही संस्था पुढे वाढली, पण तिची सुरुवात दोन संस्थांच्या नकारातून आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मद्रास इलाख्यात कुंटणखान्यांविरुद्धचा कायदाही १९३० मधलाच. छाप्यातून सोडवलेल्या मुलींना ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्यानेही उभा केला. सुटका ही एका रात्रीची आणि राहणे आयुष्याचे. पोलीस, कोर्ट, आश्रम अशी जी साखळी आज आपण गृहीत धरतो तिची सुरुवात त्या काळातली.

देवदासी प्रतिबंधाचा कायदा अखेर १९४७ मध्ये झाला, मुथुलक्ष्मींच्या ठरावानंतर वीस वर्षांनी. मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच असा कायदा आला होता, आणि तो असूनही सौंदत्तीची वाट वाहती राहिली. १९७५ नंतर निपाणी-गडहिंग्लज भागात देवदासींच्या प्रश्नावर चळवळ उभी करावी लागली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले. यावरून कागदाची किंमत किती ते कळते. आणि ज्या कागदाने जमीन दिली नाही त्याची तर फारच थोडी.

मद्रासच्या कायद्याने देवळातला नाचही बंद झाला. दरम्यान तो नाच मात्र बंद पडला नव्हता, त्याने घर बदलले होते. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल मंचावर आल्या, पुढच्या वर्षी कलाक्षेत्र स्थापन झाले, सदिरचे भरतनाट्यम झाले आणि ते चांगल्या घरच्या मुलींनी शिकण्यासारखे झाले. आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतूनही अरंगेत्रमच्या पत्रिका येतात. ज्यांच्या घरांनी तो नाच शेकडो वर्षे सांभाळला त्यांच्यापैकी बालसरस्वतींसारख्या थोड्याच मंचावर टिकल्या. बाकीच्यांना बदनामीची प्रथा सोडता सोडता कलाही सोडावी लागली. हा हिशेब मुथुलक्ष्मींच्या खात्यावर सर्वस्वी टाकणे अन्यायाचे होईल. पण खात्यात तो आहे.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा कॅन्सरने अंत झाला होता. तो घाव त्यांनी तीस वर्षे जपला आणि अडयारला कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी केली. १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, १९५४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. पुढे मुलगा डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी ते नावारूपाला आणले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले. २२ जुलै १९६८ रोजी मुथुलक्ष्मी गेल्या.

१९५६ मध्येच देशभरासाठी अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा झाला. छाप्यात सापडलेल्या बाईला मॅजिस्ट्रेट चौकशीअंती एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात पाठवू शकतो, अशी तरतूद त्यात आहे. पुनर्वसन कोर्टाच्या हुकमाने होऊ लागले. पण जिला ठेवले ती सज्ञान असली तरी तिची तिथे राहायची इच्छा आहे का, हा प्रश्न, म्हणजे १९२० च्या दशकातल्या अर्जदार बायकांचाच प्रश्न, अनुत्तरित राहिला.

तो सर्वोच्च न्यायालयात पोचला एका खुनाच्या खटल्यातून. १९९९ मध्ये कोलकात्यात एका वेश्येचा खून झाला. आरोपी बुद्धदेव कर्मस्कर याचे अपील २०११ मध्ये फेटाळताना न्यायालयाने प्रकरण तिथेच मिटवले नाही. या बायकांच्या पुनर्वसनाचे काय, असे स्वतःहून विचारत ते जनहित याचिकेत बदलले आणि समिती नेमली. कामाचा विषयही नीट आखून दिला: ज्यांना हा व्यवसाय सोडायचा आहे त्यांचे पुनर्वसन, आणि ज्यांना सोडायचा नाही त्यांना मानाने जगता येईल अशी परिस्थिती. दुसऱ्या भागावरून बराच वाद झाला आणि २०१२ मध्ये त्याची शब्दरचना बदलावी लागली.

२०२० च्या साथीत गिऱ्हाईक बंद झाले, घरमालकाचे भाडे बंद झाले नाही, आणि रेशन घ्यायला गेले तर कार्ड नाही. कार्ड नाही कारण पत्ता नाही. पत्ता आहे, पण तो सांगण्यासारखा नाही. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ओळखीच्या कागदाचा आग्रह न धरता या बायकांना कोरडा शिधा द्या, असा राज्यांना आदेश दिला. १९ मे २०२२ च्या आदेशात ते आणखी पुढे गेले. संरक्षणगृहांची पाहणी करा आणि सज्ञान स्त्रियांना इच्छेविरुद्ध ठेवले असेल तर ठरावीक मुदतीत सोडण्याची कार्यवाही करा, असे राज्यांना बजावले. राहण्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण संघटनेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड द्यायला सांगितले.

आणि त्या आधारच्या नोंदणी क्रमांकात ही बाई कोण, काय करते, हे ओळखू येईल अशी कोणतीही खूण असता कामा नये, एवढे एक वाक्य न्यायाधीशांनी आवर्जून घातले.